खळ, दोरा, पुठ्ठा : वाचनालयातल्या जुन्या पुस्तकांच्या दुरुस्तीच्या नोंदी

१६ ऑक्टोबर २०२४

वाचन प्रेरणा दिनाचा कार्यक्रम काल पार पडला आणि आज वाचनालयाची मागची खोली आमच्या हवाली झाली. पाऊस गेला, हवा कोरडी पडू लागली. कोकणात बांधणीचं काम काढायचं तर आत्ताच. आषाढ-श्रावणात लावलेली खळ दोन-दोन दिवस वाळत नाही, आणि ओल राहिलेल्या पुस्तकाला आतून बुरशी धरते.

ठरलं आहे ते असं. बंद कपाटांतली जुनी पुस्तकं, बहुतेक १८९० ते १९४० या काळात छापलेली, एकेक बाहेर काढायची, तपासायची आणि जी पुन्हा शिवण्यासारखी आहेत ती वाचकाच्या हातात देण्याजोगी करायची. माणसं चार. आयुष्यभर छापखान्यात बांधणी केलेले काका, वाचनालयाची कपाटं सांभाळणाऱ्या मावशी, बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला असलेली माझी एक जुनी विद्यार्थिनी, आणि मी. शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झाले तेव्हापासून मला हाताला असं काहीतरी हवंच होतं. नोंदी ठेवण्याचं काम माझ्याकडे.

आज फक्त वर्गवारी. कणा गेलेली एका बाजूला, पानं सुटलेली दुसऱ्या बाजूला, कागदच मोडकळीला आलेली तिसऱ्या. तिसरा ढीग ओळखायची रीत सोपी आहे. शेवटच्या कोऱ्या पानाचा कोपरा हलकेच पुढे-मागे दुमडायचा. दोन-तीन घड्यांत कोपरा हातात आला तर त्या पुस्तकाला सुई लावायची नाही. शिवलं तरी पान उलटताना दोऱ्यापाशीच मोडेल. अशांना खोक्यात आडवं ठेवायचं.

१९३०चं पुस्तक हातात भुगा होतं आणि त्याहून शंभर वर्षं जुन्या पोथीचा कागद अजून लवचिक असतो, याचं आमच्या विद्यार्थिनी मुलीला नवल वाटलं. कारण कागदाच्या जन्मातच आहे. पूर्वीचा कागद चिंध्यांचा, तागाचा, लांब तंतूंचा. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लाकडाच्या लगद्याचा स्वस्त कागद आला. त्यात लाकडातलं लिग्निन हे द्रव्य राहतं, आणि शाई फुटू नये म्हणून त्याला राळ आणि तुरटी लावत. तुरटीपायी कागदात आम्ल तयार होतं, ते तंतू तोडत जातं. पिवळेपणा, आंबूस वास, कडांचा भुगा, सगळं त्यातूनच येतं. कितीही चांगला बाइंडर असला तरी हा रोग त्याच्या हातून बरा होत नाही. म्हणून वर्गवारीला सबंध दिवस दिला.

१८ ऑक्टोबर

आज धूळ काढली. काढली मावशींनी. आम्ही तिघं पाहत होतो आणि मग त्यांच्यासारखं करू लागलो.

ही नोंद जरा सविस्तर करते, कारण असं काम मी आजवर नीट पाहिलंच नव्हतं. मावशी कपाट वरून खाली घेतात. एका वेळी एकच फळी रिकामी करतात. पुस्तकं टेबलावर ज्या क्रमाने उतरवतात त्याच क्रमाने परत चढवतात, त्यामुळे नंतर लावालाव करावी लागत नाही. प्रत्येक पुस्तक मिटलेलंच, मुठीत घट्ट धरतात. सैल धरलं तर धूळ पानांत शिरते. मग वरच्या कडेवरून मऊ ब्रश कण्याकडून पुढच्या कडेकडे, एकाच दिशेने फिरवतात. उलटा फिरवला तर धूळ कण्याच्या पोकळीत जाऊन बसते आणि तिथेच कसर घर करते. कोरड्या फडक्याची चौघडी असते. एक बाजू मळली की घडी उलटायची. फडकं खोलीत झटकायचं नाही, मागच्या दाराबाहेर जाऊनच.

हे सगळं कुठे शिकलात, असं मुलीने विचारलं. मावशी म्हणाल्या, "पहिल्या वर्षी खालून सुरुवात केली होती. वरची धूळ परत खाली येऊन बसली. मग दुसऱ्या दिवसापासून वरून."

त्यांच्या हाताला एक लय आहे. उचलणं, झुकवणं, तीनदा ब्रश, उलटं करून एकदा, ठेवणं. शंभराव्या पुस्तकालाही तितकेच तीन हात. घाई नाही, रेंगाळणंही नाही. मी वर्गात तीस वर्षं मुलांना रेघ मारायला शिकवलं. खांद्यापासून हात हलवायचा आणि श्वास न अडकवता रेघ शेवटापर्यंत न्यायची. मावशींचा ब्रश तसा चालतो.

काकांनी त्यांच्याकडून एक गोष्ट लगेच उचलली. बांधणीच्या टेबलावर उतरवलेलं पुस्तक ते आता कणा डावीकडे, शीर्षक वर, असंच ठेवू लागले. आधी कसंही ठेवत.

२२ ऑक्टोबर

खळ.

एक भाग मैदा, पाच भाग पाणी. काका आधी मैदा थोड्या थंड पाण्यात कालवून तासभर ठेवतात, म्हणजे गुठळी धरत नाही. मग उरलेलं पाणी घालून मंद आंचेवर सतत ढवळायचं. बराच वेळ काहीच होत नाही, पांढरं पाणीच दिसतं. साठ-पासष्ट अंशांच्या पुढे गेलं की पिठातले कण फुगतात, मिश्रण एकदम घट्ट होतं आणि त्याला चकाकी येते. दुधी पांढरा रंग जाऊन काचेसारखी झाक आली की आणखी थोडा वेळ शिजवायची. इथे घाई केली तर खळ चिकटते पण धरत नाही, महिन्याभरात पापुद्रा सुटतो. शिजल्यावर मलमलीतून गाळायची, गार झाल्यावर वरची साय काढून टाकायची, आणि लावण्याआधी पाणी घालून कढीइतकी पातळ करायची.

मोरचुदावरून आज आमचं वाजलं. छापखान्यांतून खळीत मोरचूद, म्हणजे तांब्याचा निळा क्षार, घालायची जुनी चाल आहे. झुरळं आणि कसर लांब राहते, खळ नासत नाही. काकांनी पुडी आणलीच होती. माझं म्हणणं, तांब्याचे क्षार कागदाला आतून जाळतात. जुन्या चित्रित पोथ्यांत जिथे जंगालाचा हिरवा रंग भरलेला असतो तिथला कागद तपकिरी पडून खिडकीसारखा गळून गेलेला मी पाहिला आहे. जंगाल म्हणजे तांब्याचाच क्षार. काकांचं म्हणणं, त्यांनी मोरचूद घालून बांधलेल्या वह्या चाळीस वर्षांनीही शाबूत आहेत. दोन्ही खरं आहे. वहीचं आयुष्य चाळीस वर्षं धरून चालतं, या पुस्तकांचं तसं धरता येत नाही. शेवटी तोडगा काकांनीच काढला. "मोरचूद नको तर रोजची खळ रोज करायची. उरली तर टाकायची. कबूल?" कबूल. रोज सकाळी पाऊण तास आता खळीला जाणार, आणि तो जावा असंच मला वाटतं. खळ ढवळता ढवळता दिवसाचं काम कुठून धरायचं ते ठरतं.

खळ लावायची रीत: खाली वर्तमानपत्राचा कोरा तुकडा, वर पान, ब्रश मध्यातून कडांकडे. लावून झालं की पान उचलायचं आणि खालचा कागद खळीची बाजू आत घेऊन दुमडून टोपलीत टाकायचा, त्याच क्षणी. तो तसाच राहिला तर पुढचं पान त्यावर पडतं आणि छपाईच्या बाजूला खळ लागते. काकांचा डावा हात हे काम करतो तेव्हा उजवा पुढच्या पानाकडे गेलेला असतो, आणि त्यांचे डोळे दोन्हींकडे नसतात. हे बघत बसावंसं वाटतं.

२५ ऑक्टोबर

ग्रेन. कागदाचे तंतू यंत्रावर ज्या दिशेने लोटले जातात ती दिशा. अस्तराचा कागद, पुठ्ठा, कापड, सगळ्यांची ग्रेन कण्याला समांतर हवी. आडवी गेली तर खळीच्या ओलीने कागद उंचीत ताणला जातो, वाळताना पुठ्ठा वाकवतो, आणि पुस्तक कधीच सपाट मिटत नाही.

ओळखायला काका कागदाची कड दोन नखांमधून ओढतात. एका बाजूची कड सरळ राहते, दुसरीला लाटा पडतात. लाटांची बाजू म्हणजे ग्रेन आडवी. पुठ्ठ्याला नखाचं काम नाही, तो दोन्ही दिशांनी किंचित वाकवून पाहायचा, ज्या रेषेवर सहज वाकतो ती त्याची दिशा. वर्तमानपत्र वरून खाली सरळ फाटतं आणि आडवं वेडंवाकडं, तेही याचमुळे. मुलीने घरी जाऊन हे भावाला करून दाखवणार असल्याचं सांगितलं.

प्रत्येक कागदाच्या मागे पेन्सिलीने बारीक बाण करून ठेवले.

६ नोव्हेंबर

दिवाळीनंतर पुन्हा सुरुवात. पुढची खोली दिवाळी अंकांनी भरली आहे, सभासदांची रांग आहे, ग्रंथपाल मॅडमना मान वर करायला सवड नाही. १९०९ साली ‘मनोरंजन’ने पहिला दिवाळी अंक काढला तेव्हापासूनची ही चाल. हे अंक तीनेक महिने हातोहात फिरतात आणि मग त्यांची पाठ सुटते, कारण हल्लीचे बरेचसे गरम गोंदाने चिकटवलेले असतात, शिवलेले नसतात. मॅडमनी विचारलं, यंदाचे अंकही तुम्ही बांधाल का. काकांनी हो म्हणून टाकलं. माझ्या मनात पुस्तकंच आधी आहेत, पण हो म्हटलं आहे तर करू.

आजपासून पहिला ढीग. कणा काढायचा, जुना दोरा फर्म्याच्या (एकत्र छापून दुमडलेल्या पानांच्या जुडीच्या) मधोमध कापायचा, फर्मे सुटे करायचे. प्रत्येक फर्म्याच्या पहिल्या पानाच्या तळाशी बारीक आकडा छापलेला असतो. वाचकाच्या तो लक्षातही येत नाही, पण बांधणाऱ्याला तोच आधार. सगळे फर्मे क्रमाने लावून मुलीने आकडे मोठ्याने वाचले आणि मी पान क्रमांक ताडून पाहिले. एका चरित्राचा सातवा फर्माच नाही. जुन्या बांधणीतूनच गळला असणार. पुस्तकात तशी पेन्सिलीची नोंद केली आणि बांधायला घेतलं.

१४ नोव्हेंबर

शिवण.

दोरा सुती, तीन पदरी, मधमाशीच्या मेणावरून दोनदा ओढलेला. मेण लावलं की दोरा कागदाला कापत नाही आणि गाठ सरकत नाही. जाडीचा हिशेब आधी करावा लागतो. प्रत्येक फर्म्यात एक दोरा जातो, म्हणजे तीस फर्म्यांच्या पुस्तकाची पाठ तीस दोऱ्यांनी फुगते. दोरा फार जाड घेतला तर पाठ पाचरीसारखी होते. फार बारीक घेतला तर पाठीला गोलाई देण्यापुरताही फुगवटा मिळत नाही, आणि तो दोरा पान कापतो. काका फर्म्यांची चवड अंगठ्याखाली दाबून बघतात आणि दोऱ्याचं रीळ निवडतात. मोजपट्टी लावत नाहीत.

सुई फर्म्याच्या घडीतून बाहेर येते, पाठीवर आडव्या लावलेल्या कापडी फितीला वळसा घालून परत आत जाते, टोकाला खालच्या फर्म्यात अडकवून वर चढते. हे कुणीही तासाभरात शिकेल. अवघड आहे ते ओढणं. दोरा नेहमी पाठीच्या रेषेत ओढायचा, ज्या दिशेने शिवण चालली आहे त्या दिशेला. स्वतःकडे, म्हणजे पाठीशी काटकोनात ओढला तर दोरा घडीचा कागद चिरत जातो, आणि शंभर वर्षांच्या कागदाला तेवढं पुरतं. किती ओढायचा हे सांगता येत नाही. काकांनी मुलीचा हात धरून दोन टाके घातले आणि म्हणाले, "थांबतो तिथे थांब. दोरा सांगतो, पोरी."

तिचा हात तिसऱ्या दिवशी बसला. आधी दर टाक्याला ती थांबून बघत होती, आता तिचा डावा हात घडीत आत राहतो आणि सुई नेमकी त्या बोटाच्या शेजारी येते. दोरा संपला की नवा विणकरी गाठीने जोडायचा आणि गाठ घडीच्या आत ठेवायची. बाहेर राहिली तर पाठीला फोड आल्यासारखी दिसते आणि तिथे कापड लवकर झिजतं. ती गाठ पुस्तक पुन्हा कुणी उसवेल तेव्हाच दिसेल. तिने ती पक्की करून शेपटं नेमकी दोन दाण्यांएवढी कापली, कुणी सांगितलं नव्हतं तरी.

आमच्या शाळेत मुलांच्या वह्या तपासताना मी एक बघत असे. पान संपत आलं की अक्षर कसं होतं. कंटाळा तिथे उतरतो. शिवणीत तो शेवटच्या पाच फर्म्यांत उतरतो. म्हणून काकांनी नेम घालून दिला आहे, की पाच फर्मे राहिले की सुई खाली ठेवायची, पाणी प्यायचं, हात पुसायचे आणि मग बसायचं. आम्ही तिघंही पाळतो.

२१ नोव्हेंबर

काल विधानसभेच्या मतदानामुळे बंद. आज उसवण्याचं काम.

मागे कधीतरी एका ठेकेदाराकडून यातली पुष्कळ पुस्तकं बांधून घेतली गेली होती. त्या बांधणीत पानं पाठीपासून सरळ आरपार टोचून शिवली आहेत. पुस्तक दणकट होतं, पण उघडत नाही. उघडायला जोर लावावा लागतो, आणि कागद शिवणीच्या रेषेवर मोडतो. त्यावर कडा एकसारख्या दिसाव्यात म्हणून तिन्ही बाजूंनी कापणी. काही पुस्तकांत समास इतका गेला आहे की ओळींची शेवटची अक्षरं अर्धी राहिली आहेत. एका कवितासंग्रहाच्या पानांचे आकडे कापले गेले आहेत. कापलेलं परत आणता येत नाही. शिवण मात्र काढता येते, ती काढली. भोकं जपानी टिश्यूने, म्हणजे लांब तंतूंच्या तलम कागदाने, बुजवून घड्या नव्याने जोडायच्या.

चिकटपट्टीचं काम याहून वाईट. पट्टी वाळून गळते आणि तिचा गोंद कागदात मुरून पिवळा डाग कायमचा राहतो. त्या डागांना आम्ही हात लावत नाही.

आमचा एक नेम आज भिंतीवर लिहून लावला. पाण्याने सुटणार नाही असं काहीही छापील पानाला लावायचं नाही. पांढरा सिंथेटिक गोंद फक्त पुठ्ठ्याच्या कामाला. पुढे कुणी आमच्याहून चांगलं काम करणारं येईल, त्याला आमची खळ ओल्या कापसाने निघाली पाहिजे.

३० नोव्हेंबर

समासाचा विषय डोक्यातून जात नव्हता म्हणून घरी ‘दासबोध’ काढून बसले. एकोणिसाव्या दशकाचा पहिलाच समास (इथे समास म्हणजे प्रकरण) लेखनक्रियेवर आहे. अक्षर कसं काढावं, बोरू कसे निवडावेत, शाई कशी करून ठेवावी, ओळी कशा चालाव्यात. त्यात समर्थ सांगतात, की पानाच्या चहूबाजूंनी जागा सोडून मधोमध लिहावं, म्हणजे कागद झडला तरी अक्षर झडणार नाही. आज वाचनालयात हे वाचून दाखवलं तेव्हा काका हातातलं काम ठेवून ऐकत होते. पुढे पोथीची बासनं, मेणकापडं, पेट्या, कुलपं यांचीही यादी आहे. म्हणजे सतराव्या शतकातल्या त्या माणसाने हजारो ओव्यांच्या ग्रंथात समासाच्या रुंदीला आणि बासनाच्या कापडाला जागा ठेवली. आणि आणखी एक. ग्रंथाचं पहिलं अक्षर जसं, तसंच शेवटपर्यंत दिसावं, सगळं एकाच टाकाने लिहिलंय असं वाटावं. काकांच्या पाच फर्म्यांच्या नेमाचंही हेच मागणं आहे.

काका म्हणाले, "बाई, हा समास आम्हाला छापखान्यात कुणी वाचून दाखवला असता तर." मग पुढे काही बोलले नाहीत, शिवायला बसले.

९ डिसेंबर

फाटलेली पानं. हे काम आता माझ्याकडे.

फाट कधीच सरळ नसते. कागद फाटताना तिरका फाटतो, एका बाजूची पांढरी ओठी वर राहते, दुसऱ्या बाजूची खाली. आधी भिंगातून पाहून कुठली कुठे बसते ते ठरवायचं. ओठ्या उलट्या बसल्या तर अक्षरं जुळत नाहीत. बारीक ब्रशने ओठीला खळ, अगदी थोडी. बसवून वर टिश्यू.

टिश्यू कात्रीने कापत नाही. ओल्या ब्रशने त्यावर रेघ ओढायची आणि रेघेवर हलकेच दोन्हीकडे ओढायचं. तंतू लांब असल्यामुळे कडा झुपकेदार सुटते, आणि ती पानावर बसली की कुठे संपली ते बोटाला कळत नाही. कापलेली सरळ कड मात्र पान वाळताना तिथेच नवी मोड पाडते. पट्टी एका टोकाने टेकवून पुढे निजवत न्यायची. दोन्ही टोकं एकदम टेकवली की मध्ये हवा अडकते. मग वर-खाली टिपकागद, काच, वजन. दहा मिनिटांनी टिपकागद बदलायचा, नाहीतर तोच चिकटतो.

एका पानाला चांगला अर्धा तास लागतो. दिवसाला फार होत नाहीत. मला यातला सगळ्यात आवडणारा क्षण म्हणजे टिश्यू निजवताना दोन्ही हात थांबतात तो. तिथे मनगट हवेत धरायचं नसतं, करंगळी टेबलाला टेकवायची. शाळेत बारीक ब्रशकामाला मी हीच करंगळी शिकवत होते.

मोठी तुकडेजोड मात्र टिश्यूने होत नाही, त्याला पुण्याच्या हातकागद संस्थेचा कागद मागवला आहे. चिंध्यांचा कागद असल्याने जुन्या पानाला जाडीत आणि लवचिकपणात जवळचा पडतो. रंग चहाच्या पाण्यात मिळवायचा मोह होतो, पण चहातही आम्ल आहे. जलरंगाचा फिकट हात देऊ.

१८ डिसेंबर

कापडबांधणी. पुठ्ठे कापून झाले, बकरम, म्हणजे बांधणीचं जाड कापड, मॅडमनी आणलं, गडद निळं आणि तपकिरी. कोपऱ्याला कापड तिरकं कापताना पुठ्ठ्याच्या जाडीच्या दीडपट अंतर सोडायचं. कमी सोडलं तर कोपऱ्यातून पुठ्ठा डोकावतो, जास्त सोडलं तर कोपरा गाठोड्यासारखा होतो. कापड आत वळवण्याआधी कोपऱ्यावर नखाने एक बारीकशी चिमटी घ्यायची. त्या चिमटीमुळे कोपरा बंद होतो. पुस्तक खाली पडतं तेव्हा पहिला मार कोपऱ्यालाच बसतो, म्हणून काका ही चिमटी कधी चुकवत नाहीत.

आतून अस्तराचा कागद लावून पुस्तकं दाबाखाली. सकाळपर्यंत कुणी हात लावायचा नाही.

२७ डिसेंबर

कण्यावरच्या चिठ्ठ्या. छापून घ्याव्यात असं मॅडमचं म्हणणं होतं. मी हाताने लिहायचं मागून घेतलं, कारण प्रत्येक कण्याची रुंदी वेगळी आणि नावं लहान-मोठी. छापील चिठ्ठीत लांब नाव दाबून बसवावं लागतं आणि दोन फळ्यांवरून ते वाचता येत नाही.

बोरू तिरका कापला, काळ्या शाईत लिहिलं. आधी पेन्सिलीने फक्त दोन रेघा, शिरोरेषेची आणि अक्षराच्या पायथ्याची. शिरोरेषा शेवटी, सबंध शब्दावरून एकाच हाताने. अक्षरागणिक तुकड्यातुकड्याने दिली तर शब्द डगमगतो. कान्यांमधलं अंतर डोळ्याने सारखं राखावं लागतं, मोजून होत नाही, कारण ‘र’च्या पोटातली मोकळी जागा आणि ‘क्ष’च्या पोटातली सारखी नसते.

६ जानेवारी २०२५

पत्रकार दिन. १८३२ साली याच तारखेला ‘दर्पण’ निघालं, त्या निमित्ताने वाचनालयात प्रदर्शन होतं आणि गावातल्या शाळेची मुलं आली. त्यांना मागची खोली दाखवली. दोरा, खळ, दाब, सगळं दाखवलं, पण सर्वांत जास्त वेळ एकाच गोष्टीला दिला: फळीवरून पुस्तक काढायचं कसं.

कणा तुटलेल्या ढिगात बहुतेक पुस्तकं वरच्या टोकाला फाटलेली आहेत. कारण सगळेच पुस्तकाच्या माथ्याला बोट अडकवून ते ओढतात. काढायची रीत अशी. शेजारची दोन पुस्तकं बोटांनी किंचित मागे ढकलायची, म्हणजे हवं ते पुस्तक पुढे उरतं, मग त्याला मधोमध दोन्ही बाजूंनी धरून काढायचं. ठेवताना शेजारच्यांना पुन्हा पुढे आणून ओळ सारखी करायची.

मावशींनी स्वतः करून दाखवलं. मग मुलांनी रांगेने येऊन एकेक पुस्तक काढलं आणि ठेवलं. एक मुलगा तीनदा रांगेत लागला. तिसऱ्या वेळी त्याने पुस्तक ठेवून ओळीवरून तळहात फिरवला, कडा एका रेषेत आहेत की नाहीत ते बघायला. हे मावशी करतात. त्यांनी ते मुलांना सांगितलं नव्हतं, त्याने पाहून घेतलं.

मॅडम म्हणतात, पुढच्या खोलीतल्या कपाटांवर याचं चित्र लावू या. मी काढते आहे. हात मोठे काढायचे, पुस्तक लहान, आणि ढकलणारी बोटं वेगळ्या रंगात.

२० जानेवारी

पहिला ढीग आवरत आला. दुसऱ्यातली निम्मी पुस्तकं शिवून दाबाखाली आहेत. तिसऱ्याला आम्लविरहित कार्डाची खोकी हवीत. त्यांचं माप घेऊन झालं, खर्च मॅडम समितीपुढे मांडतील. मराठी भाषा पंधरवडा २८ तारखेपर्यंत आहे, तोवर बांधलेल्या पुस्तकांतली काही पुढच्या टेबलावर उघडी ठेवणार आहोत, वाचकांनी हाताळावीत म्हणून. काचेखाली ठेवायला माझा विरोध होता आणि काकांचाही.

मुलीने एक तीन खंडांची बखर एकटीने शिवली. काकांनी तिन्ही खंड उघडून पाहिले, दुसऱ्याची खालची अडकवणी सैल आहे म्हणाले आणि तेवढीच उसवायला लावली. तिला पटलं नाही, दोघांत बराच वेळ बोलणं झालं. शेवटी तिने दोऱ्याला बोट लावून पाहिलं आणि उसवलं. उद्या पुन्हा शिवणार आहे.

मेण संपत आलं आहे, दोऱ्याचं बारीक रीळ एकच उरलं आहे, टिपकागद मागवायचा आहे. दिवाळी अंकांचा गठ्ठा मॅडम फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात देतील. मार्चअखेर सगळं उरकायला हवं. त्यानंतर काका आंब्याच्या बागेत जातात आणि जूनपर्यंत मिळत नाहीत.